टगबोटीवर नोकरी कशी लागते? लातूर-नांदेडच्या मुलांसाठी आणि पालकांसाठी माहिती

दहावीचा निकाल लागला की आमच्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. नव्वद टक्केवाल्यांची चिंता नसते, लातूर पॅटर्नने त्यांची वाट आधीच आखून ठेवलेली असते. आमच्याकडे येतात ते पन्नास-साठ टक्केवाल्यांचे अब्बा. कुणाचं गंजगोलाईत छोटं दुकान, कुणाचं गॅरेज, कुणी रिक्षा चालवतो. प्रश्न एकच असतो, "सर, पोराला आता कशाला घालावं?"

काही वर्षांपूर्वी असाच एक बाप आला. मुलगा आमच्याच वर्गातला. कुणा एजंटने सांगितलं होतं, साडेतीन लाख द्या, पोराला दोन महिन्यांत दुबईला टगबोटीवर चढवतो. टग म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. आम्ही म्हणालो, "जहाजाची लाईन चांगली असते म्हणतात, बघा विचार करून." त्याने विचार केला आणि साठ हजार रुपये आगाऊ दिले. एजंटचा फोन तिसऱ्या आठवड्यात बंद झाला.

त्या साठ हजारांत आमच्या अर्धवट सल्ल्याचाही वाटा होता, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर आम्ही ही माहिती गोळा करायला लागलो. मुंबईला गेलो की बंदरात काम करणाऱ्यांना भेटायचं, सरकारी नियम वाचायचे, मुलांना विचारायचं. ते सगळं इथे एकत्र मांडत आहोत. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, म्हणूनच आपली माणसं या धंद्यात लवकर फसतात.

टग म्हणजे नेमकं काय?

टग ही आकाराने लहान पण इंजिनाने फार ताकदवान बोट. मोठं मालवाहू जहाज खोल समुद्रात स्वतः चालतं, पण बंदरात शिरताना त्याची पंचाईत होते. जहाजाला ब्रेक नसतात. तीनशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज हळू चालत असलं की त्याचं सुकाणूही नीट दाद देत नाही. वारा आणि भरती-ओहोटी त्याला ढकलत असतात. अशा वेळी दोन, तीन किंवा चार टग त्याला दोर लावतात, कुणी ओढतं, कुणी बाजूने रेटतं, आणि जहाज धक्क्याला अलगद लागतं. आपल्याकडे उसाने भरलेली ट्रॉली चढावर अडकली की पुढून दुसरा ट्रॅक्टर जोडतात आणि मागून माणसं रेटतात, तसाच हा प्रकार.

टगची ताकद 'बोलार्ड पुल' या मापाने सांगतात. टगचा दोर धक्क्यावरच्या खुंटाला बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर तो किती टनांचा ओढा देतो, ते हे माप. मोठ्या बंदरांतले आजचे टग पन्नास-साठ टनांच्या आसपास ओढतात. नव्या टगचे पंखे खालच्या खाली सगळीकडे फिरतात, त्यामुळे तो जागच्या जागी वळतो आणि आडवाही सरकतो.

कामाप्रमाणे टगचे तीन प्रकार लक्षात ठेवा. नोकरी घेताना यातला फरक फार महत्त्वाचा आहे.

१. बंदरातला टग: जहाजं धक्क्याला लावतो आणि सोडवतो. बंदराची हद्द सोडून सहसा जात नाही.

२. बार्ज ओढणारा टग: ज्याला स्वतःचं इंजिन नाही असा तराफा, क्रेन किंवा बार्ज किनाऱ्याकिनाऱ्याने एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेतो. प्रवास अनेक दिवसांचा असतो.

३. तेलक्षेत्रातला टग: मुंबई हाय किंवा आखाती देशांच्या समुद्रात तेलविहिरींच्या फलाटांजवळ काम करतो. बार्जचे नांगर टाकणं, उचलणं, सामान पोचवणं हे त्याचं काम. पगार जास्त, धोकाही जास्त.

महाराष्ट्रात टग कुठे चालतात?

मुंबई बंदर आणि त्यासमोर १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर ही केंद्र सरकारच्या अखत्यारीतली दोन मोठी बंदरं. याशिवाय जयगड, दिघी, धरमतर, दाभोळ अशा ठिकाणी खासगी बंदरं आणि धक्के आहेत. शेजारी गोव्यात मुरगाव आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण इथल्या मोठ्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, तो वेगळा विषय. पण बंदर उभं राहिलं तर टगही लागतील, माणसंही लागतील.

बहुतेक बंदरं आता स्वतः टग विकत न घेता कंत्राटदार कंपन्यांकडून भाड्याने घेतात. म्हणजे मुलगा काम करतो बंदरात, पण त्याला पगार देते टगची कंपनी. नियुक्तीपत्रावर कुणाचं नाव आहे, ते नीट वाचा.

आणखी एक बदल येतो आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये डिझेलवरचे टग टप्प्याटप्प्याने बॅटरी आणि इतर स्वच्छ इंधनांवर नेण्याचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात न्हावा-शेवासह चार बंदरांनी किमान दोन-दोन असे टग घ्यायचे आहेत. म्हणून आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मेकॅनिक केलेल्या मुलांनी या लाईनकडे जरूर पाहावं.

टगवर कोण-कोण असतं?

मोठ्या जहाजावर वीस-पंचवीस माणसं असतात. बंदरातल्या टगवर मात्र दहाच्या आतच असतात. वर टगचा मास्टर, त्याला जुनी माणसं अजून सारंग म्हणतात. खाली इंजिन सांभाळणारा इंजिनिअर किंवा ड्रायव्हर. त्यांच्या हाताखाली डेकवर खलाशी, इंजिनात ऑइलमन, आणि असेल तर स्वयंपाकी, त्याला जहाजाच्या भाषेत भंडारी म्हणतात. टगवर माणसं थोडी, म्हणून खलाशाला डेक, इंजिन, रंगकाम, साफसफाई सगळ्यालाच हात लावावा लागतो.

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून हे शब्द ऐकून गंमत वाटली. सारंग हा फारसीतल्या 'सरहंग'चा अवतार, म्हणजे तुकडीचा नायक. नाखुदा म्हणजे नावेचा खुदा, अर्थात नावेचा मालक. इंग्रजांच्या जहाजांवरच्या हिंदी खलाशांना 'लास्कर' म्हणत, तो आपला लश्कर. बंदर हा शब्दही फारसीच. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुस्लिम घराण्यांत पिढ्यान् पिढ्या सारंग, सुखाणी आणि नाखवे झाले. तिथे पोरगा मोठा झाला की चाचा किंवा मामू त्याला हात धरून जहाजावर नेत असे. आपल्या मराठवाड्यात असा चाचा नाही. त्याची जागा एजंटने घेतली, आणि घोटाळा इथेच होतो.

पहिली वाट: डीजी शिपिंगचा जीपी रेटिंग कोर्स

समुद्रावर जाणाऱ्या कोणत्याही जहाजावर किंवा टगवर खलाशी म्हणून लागायचं तर जहाजरानी महासंचालनालयाची मान्यता असलेला कोर्स करणं ही सरळ वाट. या कार्यालयाला सगळे 'डीजी शिपिंग' म्हणतात. कोर्सचं नाव जनरल पर्पज रेटिंग, बोलीत जीपी रेटिंग. सहा महिन्यांचा असतो आणि निवासी असतो.

पात्रता साधारण अशी:

- दहावी पास, त्यात गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत.
- एकूण किमान ४० टक्के, आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला किमान ४० टक्के.
- वय साडेसतरा ते पंचवीस वर्षं.
- डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून तंदुरुस्तीचा दाखला. नजर चांगली हवी आणि रंगांधळेपणा चालत नाही.

ठराविक आयटीआय ट्रेड केलेल्यांसाठी वेगळ्या अटी आहेत. नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर ताजं परिपत्रक पाहावं. नियमात मुलींना मनाई नाही, हेही जाता जाता सांगतो.

रंगांधळेपणाचं जरा थांबून सांगायला हवं. रात्री समुद्रात समोरची बोट दिसत नाही, तिचे दिवे दिसतात. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. बार्ज ओढणारा टग डोलकाठीवर एकाखाली एक असे दोन पांढरे दिवे लावतो, ओढ दोनशे मीटरपेक्षा लांब असेल तर तीन, आणि मागे पांढऱ्याच्या वर पिवळा दिवा. लाल-हिरव्यात गल्लत झाली तर टक्कर ठरलेली. आमच्या माहितीतल्या एका मुलाने आधी फी भरली आणि मग तपासणीत त्याला लाल-हिरवा ओळखू येत नाही हे समजलं. सतरा वर्षं ना त्याला कळलं होतं, ना घरच्यांना. लातूरच्या कोणत्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांच्या आकड्यांची ती चाचणी थोड्या खर्चात होते. सगळ्यात आधी ती करा. बाकीची धावपळ नंतर.

कागदपत्रं कोणत्या क्रमाने?

१. पासपोर्ट. दहावीची सनद, आधार आणि जन्मदाखला यांत नावाचं स्पेलिंग एकच असू द्या. आपल्याकडे एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शेक', कुठे वडिलांचं नाव आधी तर कुठे नंतर, असं फार असतं. ते आठवी-नववीतच दुरुस्त करून घ्यावं.

२. इंडोस नंबर. भारतातल्या प्रत्येक नाविकाची राष्ट्रीय यादी आहे, त्यातला हा क्रमांक. जन्मभर एकच राहतो.

३. सुरक्षेचे मूलभूत कोर्स. पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी, आणि जहाजाची सुरक्षा असे हे पाच. एसटीसीडब्ल्यू नावाच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जगभर लागतात. पहिल्या दोघांची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते.

४. सीडीसी. नाविकाची नोंदवही, जुने लोक तिला 'नली' म्हणतात. कोणत्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, हे सगळं तीत नोंदलं जातं. पुढच्या प्रत्येक परीक्षेला हीच सेवा मोजली जाते, म्हणून तिला जिवापाड जपायचं.

एजंट सांगतात की पाच छोटे कोर्स केले की झालं, दोन आठवड्यांचं काम. तसं नाही. ते कोर्स आवश्यक आहेत, पण तेवढ्याने कुणी चांगली कंपनी खलाशी म्हणून घेत नाही. दुसरं आमिष परदेशी सीडीसीचं: "भारताची सीडीसी कशाला, अमुक देशाची आठ दिवसांत काढून देतो." अशी वही हातात घेऊन मुंबईत वर्षवर्ष हिंडणारी मुलं आहेत. त्या वाटेला जाऊ नका.

दुसरी वाट: बंदर, खाडी आणि अंतर्देशीय जलमार्ग

समुद्रात लांब न जाता खाडी-बंदरातच चालणाऱ्या बोटींसाठी वेगळी यंत्रणा आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. आपल्या राज्यात हे काम १९९६ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड पाहतं. लाँच, फेरीबोट आणि खाडीतल्या बार्जवर आधी खलाशी म्हणून सेवा करायची, मग परीक्षा देऊन मास्टर किंवा इंजिन ड्रायव्हरचं प्रमाणपत्र मिळवायचं, अशी ही पायरी. या क्षेत्राचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था पाटण्याला आहे, राष्ट्रीय अंतर्देशीय नौवहन संस्था.

ही वाट स्वस्त आहे आणि मुलगा घराजवळ म्हणजे निदान महाराष्ट्रात राहतो. पण एक मेख आहे. इथली सेवा आणि इथलं प्रमाणपत्र समुद्रातल्या जहाजांसाठी चालेलच असं नाही. उद्या परदेशी जायचं स्वप्न असेल तर पहिली वाट धरा. बंदरातल्या टगवर लागतानाही आधी विचारून घ्या: हा टग कोणत्या कायद्याखाली नोंदलेला आहे आणि इथली सेवा सीडीसीत चढेल का?

शिकायचं कुठे?

मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर असते. यादीत नाव नसेल तर ती इमारत कितीही चकाचक असो, आत जाऊ नका.

महाराष्ट्रातल्या एका संस्थेचं नाव आपल्या लोकांना माहीत असायला हवं. न्हावा गावी असलेली ट्रेनिंग शिप रहमान. मुंबईचे जहाजमालक सर मोहम्मद यूसुफ यांच्या दानातून १९१० साली ती उभी राहिली. जोगेश्वरीचं इस्माईल यूसुफ कॉलेजही त्यांच्याच देणगीतून झालं. शंभरहून अधिक वर्षं तिथून नाविक घडत आले आहेत, सर्व समाजांतले. आमच्या शाळेत आम्ही हे नाव पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एकाही मुलाने ते ऐकलेलं नव्हतं.

फी संस्थेप्रमाणे बदलते, पण राहणं-खाणं धरून लाखाच्या वर जाते. बाप कर्ज काढणार असेल तर आधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात कमी दराच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. व्याजाचा संकोच असेल तर जमातीच्या बैतुलमालकडे शब्द टाकावा. लग्नात कर्ज काढणाऱ्या आपल्या समाजाने शिक्षणासाठी हात पुढे करायला लाजू नये.

संस्था निवडताना फीच्या आधी एक प्रश्न विचारा: मागच्या दोन तुकड्यांतली किती मुलं जहाजावर चढली? उत्तर टाळणाऱ्याकडे पैसे भरू नका. कोर्स झाला तरी पहिली नोकरी मिळायला महिनोन् महिने लागू शकतात. त्या काळात मुंबईत राहायचं कुठे, खायचं काय, याचाही हिशेब घरी आधीच करा.

पुढे बढती कशी मिळते?

कोर्सनंतर मुलगा शिकाऊ खलाशी म्हणून चढतो. ठरलेली सेवा झाली की पहारा देण्याचं प्रमाणपत्र मिळतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्यापुढे अठरा महिने, किंवा मान्य प्रशिक्षणासह बारा महिने सेवा झाली की एबल सीफेअरर, म्हणजे पक्का खलाशी होता येतं. त्याहीपुढे अभ्यासाची चिकाटी असेल तर किनाऱ्यालगतच्या प्रवासासाठीच्या अधिकारी परीक्षा असतात, त्यांना एनसीव्ही म्हणतात. खलाशाचा टग-मास्टर होतो तो याच मार्गाने. याला वर्षं लागतात आणि परीक्षा इंग्रजीत असतात. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, दहावी झाली म्हणून इंग्रजीचं पुस्तक रद्दीत देऊ नका.

रोजचं काम कसं असतं?

जहाज भरतीच्या वेळेला येतं, आपल्या झोपेच्या वेळेला नाही. रात्री अडीचला वायरलेसवर बोलावणं आलं की टग निघतो. खलाशी डेकवर उभा राहून जहाजावरून सोडलेली बारीक दोरी पकडतो, तिला टगचा जाड दोर बांधतो, वरचे लोक तो ओढून घेतात. काम झालं की उलट क्रम. मध्ये पाऊस असो, लाटा असोत. बाकीच्या वेळात गंज खरवडणं, रंग लावणं, दोर तपासणं, इंजिनाची खोली पुसणं. काही ठिकाणी काही आठवडे टगवर आणि काही दिवस घरी, अशी पाळी असते, काही ठिकाणी अनेक महिने सलग.

घरातल्या बाया आम्हाला विचारतात, खाण्याचं आणि नमाजाचं काय? भारतीय टगवर डाळ-भात-मासे मिळतात. मटण-चिकनची खात्री नसेल तर पोरं मासळी आणि भाजीवर राहतात. जागा लहान असली तरी मुसल्ला टाकायला कुणी अडवत नाही, असं मुलं सांगतात. वेळ मात्र कामावर ठरते, जुम्मा चुकतो. इंजिनच्या खोलीतल्या उकाड्यात रमजानचे रोजे कठीण जातात. प्रवासातल्या सवलतींबद्दल निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं. ईदला पोरगा घरी असेलच असं नाही, याची तयारी अम्मीने ठेवावी.

धोका लपवू नये

दोर हा टगचा जीव आणि दोर हाच मोठा वैरी. ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो आणि वाटेत असलेल्याचे पाय, प्रसंगी प्राण घेतो. म्हणून दोर ताणात असताना त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. दुसरा धोका टग उलटण्याचा. जहाजाचा ओढा टगच्या कुशीवर आडवा आला तर काही क्षणांत टग कलंडतो. म्हणून दोर एका झटक्यात सोडायची कळ असते, आणि ती चालते की नाही हे रोज बघायचं असतं. जीवनजाकीट अंगावर हवं, खुंटीवर नव्हे.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ बार्ज बुडाली, हे सगळ्यांना आठवत असेल. त्याच वादळात 'वरप्रदा' नावाचा टगही बुडाला. त्यावर १३ माणसं होती, नौदलाला दोघांनाच वाचवता आलं. वादळाचा इशारा आधी आलेला होता. आम्ही ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगतो. घाबरवायला नाही. इशारा आला असताना बोट समुद्रात का आहे, असा प्रश्न विचारण्याचं धैर्य खलाशात असावं म्हणून.

एजंटपासून सावध

नाविकांची भरती करणाऱ्या कंपनीला सरकारी परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. परवान्याला क्रमांक असतो आणि चालू परवान्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. म्हणून:

- आधी आरपीएसएल क्रमांक मागा, मग तो स्वतः यादीत शोधा. एजंटने दाखवलेल्या कागदाच्या फोटोवर विश्वास ठेवू नका.
- नोकरी लावण्यासाठी नाविकाकडून पैसे घेता येत नाहीत. नाविकांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला, त्यात हे स्पष्ट आहे. मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसीचा खर्च आपला. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा.
- रोख पैसे, 'खाली कुणाला सांगू नका', आणि 'उद्याच निघायचंय' ही तीन वाक्यं ऐकली की उठून यावं.
- टुरिस्ट व्हिसावर आखातात कामाला जाऊ नये. तिथे पगार थकला किंवा मालक टग सोडून पळाला तर कागदाशिवाय माणूस बोटीवरच अडकतो.
- करार हातात घेऊन वाचा. पगार किती, किती महिने, घरी परतण्याचं तिकीट कुणाचं, अपघात झाला तर भरपाई आणि विमा कोणाचा, टगचं नाव काय. त्याची प्रत घरी ठेवा.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. डीजी शिपिंगकडे तक्रार करा, आपल्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया आणि फॉरवर्ड सीमेन्स युनियन ऑफ इंडिया या नाविकांच्या संघटनाही आहेत. लाज वाटते म्हणून बाप गप्प राहतो, आणि तोच एजंट पुढच्या मोहल्ल्यात जातो.

आठवी-नववीपासून घरी काय करता येईल?

पोहायला शिकवा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या पोरांना पोहायला सांगणं विचित्र वाटेल. पण विहिरी आहेत, तलाव आहेत, नांदेडला गोदावरी आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकू द्या. पहिल्याच कोर्समध्ये जाकीट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची असते.

गणित-विज्ञान सोडू नका, इंग्रजीत काठावर पास होऊ नका. तंबाखू-गुटखा नको, दारूचा तर प्रश्नच नाही, कारण तपासणी होते. गाठी बांधायला, पाना चालवायला, स्वतःचं ताट धुवायला शिकवा. आणि एकदा पोराला घेऊन मुंबईला जा. लातूर एक्सप्रेसने सकाळी उतरा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसची बोट धरा. वाटेत टग दिसतात. पोराला बोट लागते का, पाणी बघून डोळे चमकतात की पाय कापतात, ते त्या एका फेरीत कळून जाईल. तिकिटाचे ते पैसे वाया जात नाहीत.

राहिली त्या मुलाची गोष्ट. साठ हजार परत आले नाहीत. एक वर्ष त्याने एमआयडीसीत पोती उचलली, इंग्रजी पुन्हा वाचलं, आणि मग सरळ वाटेने कोर्स केला. पहिली नोकरी लागायला नऊ महिने गेले. आज तो बंदरातल्या एका टगवर खलाशी आहे आणि बहिणीच्या डीएडची फी भरतो. मागच्या ईदला त्याला सुट्टी नव्हती. त्याने डेकवरून व्हिडिओ कॉल केला, मागे केवढं तरी जहाज उभं होतं. म्हणाला, "सर, याला आम्ही आणलंय आत."

त्याचे अब्बा शेजारी बसून बघत होते. ते काही बोलले नाहीत, फोन मात्र बराच वेळ हातातून सोडला नाही.

आपल्या ओळखीत कुणी या लाईनला जायचं म्हणत असेल तर हा लेख त्याच्या घरी वाचून दाखवा, विशेषतः एजंटवाला भाग. एका घराचे पैसे जरी वाचले तरी आमची मेहनत कारणी लागली.